साक्षीदार ते हुतात्मा : ‘मार्तुस’ या ग्रीक शब्दाची वाटचाल

दरवर्षी २ जानेवारीला कर्जत, नेरळ, माथेरान आणि मुरबाड परिसरातील माणसे सिद्धगडाकडे वळतात. १९४३ साली याच दिवशी तेथील जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोन स्वातंत्र्यसैनिक पोलिसांच्या गोळीबारात धारातीर्थी पडले. आदरांजलीच्या फलकांवर त्यांच्या नावाआधी ‘हुतात्मा’ हा शब्द असतो. मुंबईत दादर येथे प्लाझा चित्रपटगृहासमोर भाई कोतवालांच्या नावाचे उद्यान आहे. तेथे ते ‘वीर कोतवाल’ आहेत. २०२० साली त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट आला. त्याच्या नावात ते ‘शहीद’ आहेत. माणूस एक, मरण एक आणि शब्द तीन.

ख्रिस्ती मराठीत याच अर्थाचा चौथा शब्द आहे : ‘रक्तसाक्षी’. त्यातील ‘रक्त’ कोणालाही समजते. पण ‘साक्षी’ तेथे कशासाठी आला? साक्ष द्यायची ती न्यायालयात. तिचा मरणाशी संबंध काय? या प्रश्नाचे उत्तर ‘मार्तुस’ या ग्रीक शब्दाच्या इतिहासात आहे. इंग्रजीतील ‘मार्टर’ आणि पोर्तुगीजमधील ‘मार्तिर’ हे शब्द त्याच्यापासूनच आले. या शब्दाचा मूळ अर्थ मरणारा असा नव्हता. ज्याने पाहिले आणि जो ते सांगतो, तो ‘मार्तुस’. मरण हा अर्थ त्याला नंतर चिकटला, आणि तो कसा चिकटला हे समजून घेतले तर आपल्या श्रद्धेविषयीही काही समजते.

शब्दाचे मूळ

ग्रीक भाषेत साक्षीदाराला ‘मार्तुस’, साक्षीला ‘मार्तुरिया’ आणि पुराव्याला ‘मार्तुरिऑन’ म्हणत. होमरच्या महाकाव्यांत शपथ घेताना आणि करार करताना देवांना साक्षी म्हणून पाचारण केले जाते, तेथे हाच शब्द येतो. त्याच्या व्युत्पत्तीविषयी सर्व भाषाशास्त्रज्ञांचे एकमत नाही. तथापि अनेकांनी त्याचा संबंध ‘आठवणे’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी जोडला आहे. संस्कृतमधील ‘स्मृ’ हा धातू आणि लॅटिनमधील स्मरणवाचक शब्द त्याच कुळातले मानले जातात. हे मत ग्राह्य धरले तर ‘मार्तुस’ म्हणजे मुळात स्मरण ठेवणारा, आणि आपल्या गावोगावच्या ‘हुतात्मा स्मारक’ या नावातील ‘स्मारक’ हा त्याचा दूरचा भाऊ ठरतो.

आपला ‘साक्षी’ हा शब्द मात्र डोळ्यापासून आला आहे. ‘अक्षि’ म्हणजे डोळा. ज्याने डोळ्यांदेखत पाहिले तो साक्षी. पाणिनीनेही प्रत्यक्ष पाहणाऱ्याची संज्ञा म्हणूनच तो सिद्ध केला आहे. पुढे वेदान्तात ‘साक्षी’ म्हणजे केवळ पाहणारा, घडणाऱ्या गोष्टीत न गुंतणारा आत्मा असा अर्थ विकसित झाला. ग्रीक शब्दाची दिशा नेमकी याच्या उलट गेली. ‘मार्तुस’ पाहून थांबत नाही. तो बोलतो, आणि बोलल्यामुळे गुंततो.

अथेन्सचे न्यायालय

ख्रिस्तपूर्व पाचव्या आणि चौथ्या शतकांत ‘मार्तुस’ हा प्रामुख्याने न्यायालयातील शब्द होता. अथेन्समध्ये खटले शेकडो नागरिकांच्या ज्यूरीपुढे चालत. चौथ्या शतकात साक्ष आधी लिहून घेण्याची पद्धत रूढ झाली. लेखनिक ती वाचून दाखवी आणि साक्षीदार पुढे येऊन तिला दुजोरा देई. खोटी साक्ष दिल्याबद्दल साक्षीदारावर स्वतंत्र दावा लावता येई, आणि जो तीनदा दोषी ठरे त्याचे नागरिकत्वाचे हक्क जात. सर्वांनाच साक्ष देण्याचा अधिकार मात्र नव्हता. स्त्रियांची साक्ष न्यायालयात होत नसे, आणि गुलामाचे म्हणणे छळ करून वदवून घेतले तरच ग्राह्य मानले जाई.

ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथात साक्षीदारांचे प्रकार सांगितले आहेत. आपण खोटे ठरलो तर आरोपीबरोबर आपणही संकटात सापडू, अशी जोखीम पत्करणारे साक्षीदार त्याने वेगळे नोंदवले. म्हणजे ख्रिस्तजन्माच्या तीनशेहून अधिक वर्षे आधीच साक्ष आणि जोखीम या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी आल्या होत्या.

पुढे तत्त्वज्ञांनी हा शब्द न्यायालयाबाहेर नेला. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत होऊन गेलेला एपिक्टेटस हा तत्त्ववेत्ता एके काळी स्वतः गुलाम होता. तत्त्वज्ञ हा देवाने बोलावलेला साक्षीदार असून प्रतिकूल परिस्थितीत आपल्या वागण्यातून त्याने सत्याची साक्ष द्यायची असते, अशी मांडणी त्याने केली. ज्या माणसाचा शब्द न्यायालयाने एके काळी छळाशिवाय मानला नसता, त्याने साक्षीला दिलेला हा अर्थ लक्षात ठेवण्याजोगा आहे.

जुन्या करारातून नव्या करारात

जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर करणाऱ्या यहुदी पंडितांनी साक्षीदारासाठीच्या हिब्रू शब्दाला ‘मार्तुस’ हा प्रतिशब्द योजला. मोशेच्या नियमशास्त्रात एकाच साक्षीदाराच्या बोलण्यावरून कोणालाही दोषी ठरवता येत नाही. दोन किंवा तीन साक्षीदार लागतात. देहदंडाची शिक्षा झाल्यास पहिला दगड साक्षीदारानेच मारायचा असतो. आपल्या शब्दाचे परिणाम स्वतःच्या हाताने भोगायला तयार असशील तरच बोल, असा या नियमाचा गर्भितार्थ आहे. यशयाच्या ग्रंथात हाच शब्द अधिक उंचीवर जातो. तेथे परमेश्वर जणू सर्व राष्ट्रांना न्यायासनापुढे बोलावतो आणि आपली बाजू मांडण्यासाठी इस्राएल लोकांना साक्षीदार म्हणून उभे करतो. हे साक्षीदार कोणी बलाढ्य नाहीत. ते बंदिवासात असलेले, पराभूत लोक आहेत.

नव्या करारात संत लूक याच शब्दावर भर देतो. पुनरुत्थित प्रभू शिष्यांना यरुशलेमपासून पृथ्वीच्या सीमेपर्यंत आपले साक्षी होण्यास सांगतो. यहुदाची जागा भरताना प्रेषितांनी जी अट घातली ती पाहण्यासारखी आहे : निवडला जाणारा मनुष्य आरंभापासून प्रभूच्या सहवासात असलेला आणि त्याच्या पुनरुत्थानाचा साक्षी होणारा हवा. म्हणजे ‘मार्तुस’ हा अजूनही प्रत्यक्षदर्शीच आहे. पुनरुत्थानाची पहिली वार्ता स्त्रियांनी आणली, ज्यांची साक्ष त्या काळी सहसा मानली जात नसे. प्रेषितांनाही त्यांचे बोलणे आरंभी निरर्थक बडबड वाटले, हे लूक लपवत नाही.

एकाच कथेत दोन साक्षीदार

या शब्दाचा अर्थ ज्या ठिकाणी वळण घेतो ते ठिकाण बोटाने दाखवता येते. ते म्हणजे संत स्तेफनाची कथा.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात स्तेफनाला नगराबाहेर नेऊन दगडमार केला जातो. नियमशास्त्राप्रमाणे पहिला दगड साक्षीदारांनी मारायचा. म्हणून ते आपली वस्त्रे काढून शौल नावाच्या तरुणाच्या पायाशी ठेवतात. या दगड मारणाऱ्यांसाठी लूकने योजलेला शब्द ‘मार्तुरेस’ हाच आहे. येथे ‘मार्तुस’ मरत नाही. तो मारतो, आणि तोही खोटी साक्ष देऊन.

तोच शौल पुढे पौल होतो. बाविसाव्या अध्यायात तो यरुशलेममध्ये आपली कथा सांगतो आणि त्या दिवशी ज्याचे रक्त सांडले त्या स्तेफनाला प्रभूचा ‘मार्तुस’ म्हणतो. शब्द तोच, घटना तीच. पण तो आता दगड मारणाऱ्यांकडून दगड झेलणाऱ्याकडे आला आहे. या ठिकाणी ‘साक्षी’ असे भाषांतर करावे की ‘हुतात्मा’, याविषयी निरनिराळ्या भाषांतरकारांनी निरनिराळे निर्णय घेतले आहेत. दोन्ही अर्थ तेथे एकमेकांत मिसळलेले आहेत.

प्रकटीकरणाच्या पुस्तकात हे मिश्रण आणखी गडद होते. पर्गम येथे जिवे मारलेल्या अंतिपाला तेथे विश्वासू साक्षी म्हटले आहे. पण त्याच पुस्तकात विश्वासू साक्षी ही पदवी सर्वप्रथम प्रभू येशू ख्रिस्ताला दिलेली आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पिलातासमोर उभा असलेला येशू आपल्या जन्माचे प्रयोजनच सत्याची साक्ष देणे असे सांगतो. ख्रिस्ती दृष्टीने पहिला ‘मार्तुस’ तोच, आणि तोही एका न्यायासनासमोर.

दुसरे शतक : अर्थ पक्का झाला

दुसऱ्या शतकाच्या मध्यास आजच्या तुर्कस्तानातील स्मुर्णा येथील वृद्ध बिशप संत पॉलिकार्प यांना जिवंत जाळण्यात आले. तेथील ख्रिस्तसभेने या घटनेचा वृत्तान्त पत्ररूपाने कळवला. श्रद्धेसाठी मरण पत्करणारा या अर्थाने ‘मार्तुस’ हा शब्द पक्का झाल्याचे आपल्याला या पत्रात दिसते. त्याच पत्रात एक सावधगिरीची नोंदही आहे. क्विंटस नावाचा एक मनुष्य हौसेने स्वतःहून पुढे आला आणि हिंस्र पशू पाहताच घाबरून त्याने मूर्तीपुढे अर्पण केले. मरण शोधत जाणे ही शुभवर्तमानाची शिकवण नव्हे, असे पत्रलेखक स्पष्टपणे बजावतात. पॉलिकार्प स्वतः आधी गावाबाहेर निघून गेले होते. पकडले गेल्यावर मात्र त्यांनी आपला शब्द फिरवला नाही.

इ. स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधील लियाँ येथे छळ झाला. युसेबियस या इतिहासकाराने जतन केलेल्या पत्रातून आपल्याला त्याची माहिती मिळते. तुरुंगात यातना भोगणाऱ्यांना कोणी ‘मार्तुस’ म्हटले तर ते त्याला अडवीत. ती पदवी ख्रिस्ताची आणि जे मरण पावले त्यांची आहे, आम्ही केवळ श्रद्धा कबूल करणारे आहोत, असे ते म्हणत. यातूनच पुढे दोन वेगळे शब्द स्थिरावले : मरण पावलेला तो ‘मार्टर’ आणि छळ सोसून जगलेला तो ‘कन्फेसर’.

या काटेकोरपणात नम्रता होती, यात शंका नाही. पण त्याचा एक परिणामही झाला. जिवंत माणसाच्या साक्षीचे हे नाव हळूहळू केवळ मृतांसाठी राखून ठेवले गेले.

भाषांतर की उसनवारी?

पश्चिमेकडील लॅटिन भाषक ख्रिस्ती लोकांपाशी साक्षीदारासाठी ‘टेस्टिस’ हा स्वतःचा रूढ शब्द होता. तरीही त्यांनी ‘मार्टिर’ हा ग्रीक शब्द जसाच्या तसा उचलला. इ. स. १८० मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या खटल्याच्या लॅटिन वृत्तान्तात तो आढळतो. लॅटिनमधून तो युरोपातील बहुतेक भाषांत पसरला. ग्रीक वाचकाला त्या शब्दात साक्षीदारही दिसत असे आणि हुतात्माही. लॅटिन, पोर्तुगीज किंवा इंग्रजी वाचकाला त्यात साक्षीदार दिसेनासा झाला. उरले ते केवळ मरण. आज इंग्रजी बोलीत, उगाच सोसल्याचा आव आणणाऱ्या माणसालाही उपहासाने ‘मार्टर’ म्हटले जाते.

‘मार्तुरिऑन’ या शब्दाचेही असेच झाले. पुराव्यासाठी असलेला हा शब्द हुताम्यांच्या कबरीवर बांधलेल्या मंदिरासाठी वापरला जाऊ लागला. साक्ष दगडात बांधली गेली.

पूर्वेकडे मात्र निराळे घडले. सिरियाक भाषक ख्रिस्ती लोकांनी ग्रीक शब्द उसना न घेता आपल्याच साक्षीवाचक शब्दाला, ‘साहदा’ला, नवा अर्थ दिला. केरळमधील सिरियन परंपरेतील ख्रिस्ती लोक संत जॉर्ज यांना आजही ‘गीवर्गीस सहदा’ म्हणतात. अरबी भाषेतील ‘शहीद’ हा शब्दही साक्ष या अर्थाच्या धातूपासूनच आला आहे. कुराणात त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी साक्षीदार असाच आहे. धर्मासाठी मारला गेलेला हा अर्थ पुढे रूढ झाला. या अर्थविकासामागे शेजारच्या सिरियाक ख्रिस्ती लोकांच्या भाषेचा प्रभाव असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

मराठीतील शब्द

‘शहीद’ हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि स्वातंत्र्यलढ्यात सर्वांचा झाला. ‘ग्वाही’ हा मूळचा फारसी शब्दही मराठीत साक्ष याच अर्थाने नांदतो. ‘साक्षीदार’ या रोजच्या शब्दात तर अर्धा भाग संस्कृत आणि अर्धा फारसी आहे.

‘हुतात्मा’ हा शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीशी जोडला जातो. ‘हुत’ म्हणजे यज्ञात अर्पण केलेले. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. मुंबईतील संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे स्मारक आणि हुतात्मा चौक यांमुळे हा शब्द मराठी मनात खोल रुजला. १९८०च्या दशकाच्या आरंभी राज्य शासनाने ठिकठिकाणी हुतात्मा स्मारके बांधली. प्रशासनाची परिभाषा मात्र याहून वेगळी आहे. २०१७ साली केंद्र सरकारने माहिती आयोगापुढे स्पष्ट केले की, सेनादलांत किंवा पोलीस दलांत ‘शहीद’ अशी कोणतीही अधिकृत संज्ञा वापरली जात नाही.

या शब्दांची तुलना केली तर एक गोष्ट ध्यानात येते. ‘हुतात्मा’ या शब्दात अर्पण आहे, पण साक्ष नाही. मरणारा काय पाहून आला होता आणि काय सांगत होता, याविषयी तो शब्द मौन बाळगतो. ‘शहीद’ या शब्दात साक्ष आहे, पण ती अरबी जाणणाऱ्यालाच दिसते. ‘रक्तसाक्षी’ या शब्दात दोन्ही उघड आहेत. मल्याळममध्ये हा शब्द चर्चमध्येच नव्हे, तर राजकीय पक्षांच्या मृत कार्यकर्त्यांसाठीही सर्रास वापरतात. मराठीत तो आपल्या पुस्तकांतच राहिला.

कर्जत आणि खालापूरची साक्ष

आता पुन्हा सिद्धगडाकडे वळू. विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका नाभिक कुटुंबात झाला. शिक्षणाने ते वकील होते. साक्षीदार म्हणजे काय हे त्यांना कायद्याच्या पुस्तकातून ठाऊक होते. पण त्यांनी पाहिले ते पुस्तकाबाहेरचे होते. पावसाळ्यात घरातील धान्य संपले की, कर्जत परिसरातील शेतकरी आणि आदिवासी सावकाराच्या दारात जात आणि पीक येताच ते दामदुपटीने फेडत. भाईंनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठारे काढली, गावांत शाळा सुरू केल्या, माथेरानच्या नगरपालिकेत काम केले.

१९४२च्या ‘चले जाव’ आंदोलनात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. खालापूर तालुक्यातील खोपोली येथे १९१५ सालापासून आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे १९२२ सालापासून टाटांची जलविद्युत केंद्रे चालू होती. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी खाली सोडून तयार होणाऱ्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालत. मुंबईकडे वीज वाहून नेणारे मनोरे पाडण्याचे काम दस्त्याने हाती घेतले आणि १९४२च्या अखेरच्या महिन्यांत अनेक मनोरे कोसळले. २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांनी सिद्धगडच्या जंगलात त्यांना गाठले. भाई कोतवाल तेव्हा तीस वर्षांचे होते.

ख्रिस्तसभेच्या व्याख्येनुसार ते ‘मार्टर’ नाहीत. त्यांचे कार्य राष्ट्राच्या स्वातंत्र्यासाठी होते आणि त्यांचा मार्ग वेगळा होता. हा भेद मान्य करूनही आपण एक गोष्ट त्यांच्यापासून घेऊ शकतो. ‘हुतात्मा’ म्हटले की, आपल्याला २ जानेवारी आठवते. ‘साक्षी’ म्हटले तर त्याआधीची वर्षे आठवावी लागतात : सावकारीचा हिशेब पाहणारा आणि तो पाहून गप्प न बसणारा वकील. मरणाची तारीख साजरी करणे सोपे असते. पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलणे कठीण.

वसईचा दुभाषी

आपल्या ख्रिस्ती परंपरेतही असेच घडले आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकात वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज आणि आई याच भूमीतील होती. जपानमध्ये वास्तव्य केल्यामुळे त्यांना जपानी भाषा उत्तम येत असे. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९३ साली संत पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत दुभाषी म्हणून जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर खिळण्यात आले, त्यांत ते होते. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले.

चित्रांत आणि मूर्तींत आपण त्यांना क्रुसावर पाहतो. पण त्यांचे काम बोलण्याचे होते. दोन भाषांमध्ये उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत प्रामाणिकपणे पोहोचवणे, हेही साक्षीचेच काम आहे. क्रूस हा त्या कामाचा शेवट होता.

साक्ष कशाची?

हुतात्मा या शब्दाभोवती तेजोवलय असल्यामुळे तो वापरताना सावधगिरीही लागते. गोव्यातील कुंकळ्ळी येथे १५ जुलै १५८३ रोजी धन्य रोदोल्फो आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सहकारी काही ख्रिस्ती लोकांसह मारले गेले. १८९३ साली ख्रिस्तसभेने या पाच जणांना ‘धन्य’ घोषित केले. या हत्येआधी पोर्तुगीजांनी त्या भागातील मंदिरे उद्ध्वस्त केली होती. हत्येनंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकरी प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार केले. आज कुंकळ्ळीत त्या प्रमुखांचेही स्मारक आहे.

एका गावात दोन स्मरणे आहेत. ‘हुतात्मा’ हा शब्द दोन्हीकडे वापरता येतो आणि तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. ‘मार्तुस’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र आपल्याला पुढचा प्रश्न विचारायला लावतो : साक्ष कशाची? खरा साक्षीदार आपल्या बाजूला गैरसोयीचे असलेलेही सांगतो. आपल्या हुतात्म्यांचा आदर करताना दुसऱ्याच्या घरी झालेले दुःख सांगण्याचे धैर्य आपल्यापाशी असले पाहिजे.

ख्रिस्तसभेतील अलीकडची वाटचाल

अठराव्या शतकात पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झालेल्या प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी हुतात्मत्वाच्या अटी पद्धतशीर मांडल्या. मरण प्रत्यक्ष आले पाहिजे, मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेचा द्वेष असला पाहिजे आणि मरणाऱ्याने ते स्वेच्छेने स्वीकारले पाहिजे, असा त्यांचा आशय आहे. विसाव्या शतकात या चौकटीपुढे कठीण प्रसंग उभे राहिले. संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी १९४१ साली औश्विट्झ छळछावणीत एका कुटुंबवत्सल कैद्याच्या जागी स्वतः मरण पत्करले. १९७१ साली त्यांना ‘धन्य’ घोषित करताना पोप सहावे पॉल यांनी ‘कन्फेसर’ मानले. १९८२ साली संतपद देताना पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘मार्टर’ मानले. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी शेजाऱ्यासाठी जीवन अर्पण करणाऱ्यांकरिता संतपदाचा एक स्वतंत्र मार्गच खुला केला.

धन्य सिस्टर राणी मारिया यांचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. मध्य प्रदेशातील उदयनगर भागात त्या भूमिहीन आणि आदिवासी लोकांना सावकारांच्या पाशातून सोडवण्यासाठी संघटित करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासादरम्यान त्यांचा खून झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना हुतात्मा म्हणून ‘धन्य’ घोषित करण्यात आले. त्यांच्या धाकट्या बहिणीने, जी स्वतः धर्मभगिनी आहे, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. धान्यकोठारे काढणारा माथेरानचा वकील आणि बचतीचे धडे देणारी उदयनगरची धर्मभगिनी यांची श्रद्धा आणि मार्ग भिन्न. पण दोघांनी पाहिले ते एकच होते.

आजचा साक्षीदार

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात, दृढीकरण संस्कार घेतलेला प्रत्येक जण ख्रिस्ताचा साक्षी होण्यास बांधलेला आहे, असे शिकवले. म्हणजे दुसऱ्या शतकात मृतांसाठी राखून ठेवलेला शब्द पुन्हा जिवंतांच्या हाती आला. दृढीकरणाच्या दिवशी आपल्या मुलांना ‘ख्रिस्ताचे साक्षीदार व्हा’ असे सांगितले जाते. त्याचा अर्थ आपण बहुधा नियमितपणे मिस्साला या, प्रार्थना करा, एवढाच घेतो.

पण साक्षीदाराची मूळ जागा न्यायालय आहे, हे विसरता कामा नये. कर्जत किंवा खालापूरच्या न्यायालयात आजही एखादा मजूर, एखादी आदिवासी स्त्री पिंजऱ्यात उभी राहते आणि समोर बसलेल्या आपल्याच गावच्या बलदंड माणसाविरुद्ध पाहिलेले सांगते. घरी परतताना तिला त्याच रस्त्याने जायचे असते. तेथे जो माघार घेतो त्याला आपण ‘फितूर साक्षीदार’ म्हणतो. पण तो का फितला हे विचारायला फार थोडे जण त्याच्या दारी जातात. सत्य सांगणाऱ्याला धोका असतो हे कायद्यानेही मान्य केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने प्रत्येक राज्याने अशी योजना तयार करावी, असे बंधन घातले आहे. ॲरिस्टॉटलने नोंदवलेली जोखीम तेवीस शतकांनंतरही तशीच आहे.

म्हणून ‘मार्तुस’ या शब्दाची सारी वाटचाल पाहिल्यावर एवढे म्हणता येते की, मरण हा त्याचा अर्थ नव्हे. ते त्याचे मोल आहे. काहींना ते पूर्ण द्यावे लागते, बहुतेकांना थोडेथोडे. धर्मग्रामातील कोणी साक्ष देण्यासाठी न्यायालयात जाणार असेल, तर त्याच्यासोबत बसमध्ये बसून जाणे आणि संध्याकाळी त्याला घरापर्यंत सोडणे, हेही त्या मोलातील आपला वाटा उचलणे आहे. येत्या २ जानेवारीला सिद्धगडाचे आणि ६ फेब्रुवारीला नागासाकीच्या संतांचे स्मरण करताना त्यांनी काय पाहिले होते, हा प्रश्न आपण एकदा तरी स्वतःला विचारावा.